ऑफिस आणि कॉलेजचं फर्निचर: मापं घेण्यापासून किल्ल्या ताब्यात घेईपर्यंत

फर्निचर साइटवर सगळ्यात शेवटी येतं, म्हणून त्याचा विचारही शेवटी करायचा, अशी आपल्याकडे पद्धतच पडली आहे. टाइल बसते, रंगाचा पहिला हात होतो आणि मग कुणीतरी म्हणतं, आता टेबल-खुर्च्यांचं बघूया. तोवर भिंतीतले प्लग पॉइंट पक्के झालेले असतात, एसीचा झोत कुणाच्या मानेवर पडणार हे ठरलेलं असतं आणि जिथे दार उघडतं नेमकं तिथेच कपाट लावायची वेळ येते. नाशिकमधली मुंबई नाका-इंदिरानगरकडची ऑफिसं घ्या, अंबड-सातपूरच्या कारखान्यांचे ॲडमिन ब्लॉक घ्या, नाहीतर गंगापूर रोड, त्र्यंबक रोडवरच्या कॉलेजांच्या इमारती घ्या. गोंधळ सगळीकडे एकाच जागी होतो. क्रम उलटा हवा. आधी फर्निचरचा नकाशा, मग वायरिंग.

आधी माणसं आणि वेळापत्रक

ऑफिससाठी तीन आकडे काढा: आज किती माणसं बसतात, दोन वर्षांनी किती बसतील आणि त्यातली एकाच वेळी किती हजर असतात. विक्रीची माणसं दिवसभर बाहेर असतील तर प्रत्येकाला वेगळं टेबल देणं म्हणजे भाडं वाया घालवणं. त्याबरोबरच कागद किती आहे ते विचारा. सीएच्या किंवा वकिलाच्या ऑफिसात फायलींच्या कपाटांना टेबलांइतकीच जागा लागते, आयटीवाल्यांना एक पेडेस्टल (टेबलाखालचं ड्रॉवरचं छोटं कपाट) पुरतं.

कॉलेजात नकाशाच्याही आधी मागायचा कागद म्हणजे टाइमटेबल. बॅच किती मुलांची, त्या खोलीत तास किती, प्रॅक्टिकलच्या तुकड्या किती. दुसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात: या वर्गात परीक्षा होणार का? तीन जणांच्या लांब बाकावर वर्गात साठ मुलं आरामात बसतात, पण परीक्षेला त्याच बाकावर एक किंवा फार तर दोन बसवता येतात. खोलीची क्षमता एक ते दोन तृतीयांशांवर येते आणि परीक्षा विभाग जिमखान्यात टेबलं मांडत बसतो. अशा खोल्यांत दोघांचे डेस्क किंवा सुटी सिंगल डेस्क जास्त उपयोगी पडतात. महाग पडतात, हे खरं. पण बाक दहा-पंधरा वर्षं टिकतो आणि परीक्षा दर सत्राला येते.

विद्यापीठ म्हटलं की वर्गखोल्याच डोळ्यांसमोर आणू नका. गोवर्धनचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (१९८९) किंवा म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) घ्या. एकाचं शिक्षण अभ्यासकेंद्रांवर चालतं, दुसऱ्याचं संलग्न महाविद्यालयांत. अशा मुख्यालयात बाकांपेक्षा रेकॉर्ड रूम, परीक्षा विभागाची कुलूपबंद साठवण, बैठकीच्या खोल्या आणि काउंटर यांची गरज मोठी असते.

मापं: नकाशावरून नव्हे, प्लास्टरवरून

आर्किटेक्टच्या नकाशावर खोली १२ मीटर असते, म्हणून १२०० मिमीची दहा टेबलं एका ओळीत बसतील असं वाटतं. कागदावर बसतातही. पण नकाशातलं माप बऱ्याचदा विटेपासून विटेपर्यंतचं असतं. दोन्ही बाजूंचं प्लास्टर आणि पुट्टी मिळून तीस-चाळीस मिमी जातात, स्कर्टिंग पुढे आलेलं असतं आणि दोन टेबलांमध्ये पार्टिशनचं पॅनेल किंवा पायाची फ्रेम आली की प्रत्येक सांध्याला काही मिमी वाढतात. दहावं टेबल भिंतीत घुसतं. तिथे नऊ धरा आणि उरलेल्या जागेत प्रिंटर ठेवा.

माप घेताना एकच भिंत तीन उंचीवर मोजा: जमिनीलगत, ७५० मिमीवर आणि २१०० मिमीवर. भिंत ओळंब्यात नसेल तर इथेच कळतं. मग खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले नाहीत तर खोली गुण्यात (काटकोनात) नाही, म्हणजे भिंतीला चिकटून जाणारं फुल-हाइट स्टोरेज एका टोकाला फट दाखवणार. तिथे फॅक्टरीतून येणाऱ्या कपाटाच्या कडेला ४० ते ५० मिमीची फिलर पट्टी आधीच मागवायची आणि ती साइटवर कापून बसवायची.

कॉलम, बीमचा तळ, खिडकीची सिल, स्विचबोर्ड, फायर होज, एसीचं ड्रेन हे सगळं कागदावर आलं पाहिजे. खिडकी आत उघडते की सरकते तेही लिहा. सिल ९०० मिमीवर असेल तर त्याखाली ७५० चं टेबल जातं, पण मॉनिटर काचेसमोर येतो आणि पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारी तीननंतर तिथे कुणी बसत नाही.

फरशीची लेव्हल लेझरने बघा. ऑफिसच्या टेबलांना खाली फिरणारे लेव्हलर बुश असतात, ते साधारण १५-२० मिमीचा फरक झेलतात. त्यापेक्षा जास्त उतार असेल तर फरशीवाल्याला आत्ताच बोलवा. टेबलं आल्यावर तो येत नाही.

नकाशा मांडताना जागा किती सोडायची

नेहमीचं वर्कस्टेशन १२०० x ६०० मिमी. दोन मॉनिटर असतील तर १५०० x ७५०. टेबलाची उंची ७३० ते ७५०. खुर्चीला मागे सरकायला किमान ९०० मिमी, आणि दोन ओळी पाठीला पाठ लावून बसत असतील तर टेबलाच्या कडेपासून कडेपर्यंत १८०० सोडा. १५०० मध्ये खुर्च्या बसतात, पण मधून कुणी जायचं म्हटलं की दोघांना पुढे सरकावं लागतं. मुख्य येण्याजाण्याची वाट १५०० मिमी, आतल्या गल्ल्या ९०० ते १२००.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर शैक्षणिक संस्थांना सुगम्यता टाळता येत नाही. व्हीलचेअरला दाराची मोकळी रुंदी ९०० मिमी, वळायला १५०० मिमीचं वर्तुळ लागतं. काउंटरचा एक भाग खाली, साधारण ७५० मिमीवर घ्या आणि त्याखाली गुडघ्यांना जागा ठेवा. लेक्चर हॉलमध्ये व्हीलचेअरची जागा शेवटच्या पायरीवर ठेवण्यात काही अर्थ नाही. ती सपाट प्रवेशाच्या ओळीत हवी.

पायऱ्यांच्या लेक्चर हॉलमध्ये दोन ओळींतलं अंतर, म्हणजे पाठीपासून पाठीपर्यंत, ९०० मिमीच्या खाली नेऊ नका. सीट उचलून बंद होणारी असेल तर वाट सुटते. पायऱ्यांची खोली सिव्हिलवाला आधी ओततो, म्हणून सीटचं मॉडेल काँक्रीटच्या आधी ठरलं पाहिजे. हे वाक्य ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये दोनदा वाचून दाखवा.

कॉरिडॉरमध्ये कपाटं लावून साठवण वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. तो मार्ग आग लागल्यावर बाहेर पडायचा आहे. तिथे काही ठेवू नका, नोटीस बोर्डाखालचं बाकडंसुद्धा रुंदी बघूनच.

वायरिंग नकाशावर चढवा

लेआउट पक्का झाला की त्यावर इलेक्ट्रिशियनकडून पॉइंट काढून घ्या. दर सीटला यूपीएसचे दोन आणि कच्च्या (यूपीएसविना थेट) लाइनचा एक ६ अँपिअरचा सॉकेट, शिवाय एक किंवा दोन डेटा पॉइंट, हे पुरतं. प्रिंटर, झेरॉक्स आणि पॅन्ट्रीतल्या गीझर-मायक्रोवेव्हला १६ अँपिअर वेगळ्या एमसीबीवर. लेझर प्रिंटर यूपीएसवर टाकू नका. तो तापताना जोराचा लोड ओढतो आणि यूपीएस ओरडतो.

पॉवर आणि डेटाच्या केबल एकाच रेसवेत (केबल नेण्याच्या बंद पन्हळीत) एकत्र घालू नयेत. मध्ये पार्टिशन असलेला लोखंडी रेसवे घ्या. कॅट-सिक्स नेटवर्क केबलची भिंतीतली ओढ ९० मीटरच्या आत ठेवायची असते, त्यामुळे मोठ्या मजल्यावर सर्व्हर रॅक एका टोकाला नको. वर्कस्टेशनचा गट खोलीच्या मधोमध असेल तर केबल फरशीखालून आणावी लागते. त्यासाठी टाइलच्या आधी पाइप टाकायचा, आणि तो नेमका टेबलाच्या पायाशी निघाला पाहिजे. फ्लोअर बॉक्स वाटेत निघाला की त्यावर रोज कुणीतरी ठेचकाळतं.

माल: कुठे पैसे घाला, कुठे वाचवा

प्री-लॅम (आधीच लॅमिनेट चढवलेला) पार्टिकल बोर्ड स्वस्त आणि सरळ असतो, कोरड्या ऑफिसच्या टेबलटॉपला चालतो. पण त्याचा कोपरा आपटला की फुटतो आणि पाणी लागलं की कड फुगते. म्हणून कडेला २ मिमीची पीव्हीसी एजबँड, तीही मशीनवर चिकटवलेली, हे लेखी घ्या. हाताने फेव्हिकॉल लावून चिकटवलेली पट्टी पहिल्याच पावसाळ्यात सुटते. १२०० च्या वरच्या टॉपला २५ मिमी जाडी, नाहीतर टॉप मधोमध खाली झुकतो. प्लाय लागेल तिथे आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा), आणि पॅन्ट्रीत, सिंकखाली किंवा बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर आयएस ७१० चा बीडब्ल्यूपी (त्याहून पक्का, वॉटरप्रूफ). शीटवर नुसतं ७१० छापलेलं पुरत नाही, आयएसआय खुणेबरोबरचा सीएम/एल, म्हणजे परवान्याचा नंबर बघा. बीआयएसच्या मोबाइल ॲपवर तो टाकून तपासता येतो.

लोखंडी कपाट-फ्रेमसाठी सीआरसीए (कोल्ड-रोल्ड) पत्र्याची जाडी मिमीमध्ये लिहून घ्या. गेजवर सोडलं की प्रत्येक दुकानदाराचा गेज वेगळा. ०.८ मिमी कपाटाला ठीक, रॅकच्या शेल्फला आणि बाकाच्या पाइपला त्याहून जाड. पावडर कोटिंग पन्नास-साठ मायक्रॉनचं मागा.

खुर्चीवर कंजुषी करू नका. टेबल नुसतं उभं असतं, खुर्ची दिवसभर हलते, झुकते, सरकते, आणि ऑफिसात पहिली तक्रार तिचीच येते. भारतीय मानक ब्युरोची २०२२ ची मानकं मागा: कामाच्या खुर्चीला आयएस १७६३१, टेबल-डेस्कला १७६३३, साठवणीच्या कपाटांना १७६३४. केंद्राने २०२५ मध्ये फर्निचरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेशही काढला, त्यात हीच मानकं आहेत. त्यामुळे पुरवठादाराला टेस्ट रिपोर्ट मागायला संकोच करू नका. रिपोर्टवर मॉडेल तेच आहे ना एवढं बघा.

आणि नमुना. एक पूर्ण वर्कस्टेशन, एक खुर्ची, एक बाक साइटवर उभं करून घ्या आणि ऑर्डर देण्याआधी आठवडाभर वापरा. ड्रॉवर भरून ओढा. बाकावर तिघे जण बसा. नमुना परत न्यायचा नाही. सही करून तो तिथेच ठेवायचा, बाकीचा माल त्याच्याशी ताडून घ्यायचा.

दरपत्रक मागवताना सगळ्यांना एकच तक्ता पाठवा: वस्तू, माप, बोर्डाची जाडी, पत्र्याची जाडी, हार्डवेअरचा ब्रँड, एजबँड, वॉरंटी. लम्पसम कोटेशनची तुलना होत नाही. लाकडी-लोखंडी फर्निचरवर जीएसटी १८ टक्के आहे. दर करासह की कराशिवाय, वाहतूक आणि वाराई (हमाली) कुणाकडे, बसवणी धरून की वेगळी, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय दरांची तुलना करू नका. सरकारी संस्था जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरून घेतात. तिथे सगळ्यात खालचा दर येणारच, त्यामुळे स्पेसिफिकेशन सैल ठेवलं तर सैलच माल येतो.

पैसे टप्प्याने द्या. ऑर्डरबरोबर ३०-४० टक्के, माल साइटवर उतरल्यावर तेवढेच, बसवणी झाल्यावर उरलेले, आणि पाच टक्के राखून.

तारीख मागून मोजा

कॉलेजातलं काम उन्हाळी सुट्टीत बसवायचं असतं: परीक्षा संपल्यापासून जूनमध्ये प्रवेश सुरू होईपर्यंत. म्हणजे माल मेच्या मध्याला साइटवर हवा, ऑर्डर मार्चमध्ये गेली पाहिजे, नमुना फेब्रुवारीत आणि मापं त्याच्याही आधी. नाशिकचा पाऊस जूनमध्ये सुरू झाला की ओलं प्लास्टर आणि नवा बोर्ड एका खोलीत ठेवू नये. प्लास्टर सुकलं नसेल तर भिंतीला लागून असलेलं स्टोरेज मागून बुरशी धरतं. भिंत आणि कपाटाची पाठ यांत १०-१५ मिमी हवा राहू द्या आणि तळाला बुश हवेतच, बोर्ड थेट फरशीवर टेकता कामा नये. पोछ्याचं पाणी तिथूनच चढतं.

या वर्ष-दोन वर्षांत आणखी एक हिशेब आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि अमृतस्नानाच्या पर्वण्या २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. त्या काळात पंचवटी, द्वारका, नाशिकरोड, त्र्यंबक रोड या भागांत मोठी गाडी आणायचं ठरवू नका. भिवंडीच्या गोडाऊनमधला माल समृद्धी महामार्गाने इगतपुरीपर्यंत झटपट येतो हे खरं, पण शेवटचे चार किलोमीटर शहरातलेच असतात. अवजड वाहनांच्या वेळा वाहतूक शाखेकडून आधी विचारून घ्या आणि ड्रायव्हरला लेखी पाठवा.

माल उतरवणं

आयशर ट्रक गेटपर्यंत येतो का, की तो बाहेर थांबवून माल छोट्या हत्तीने (छोट्या टेम्पोने) आत न्यायचा? मेन रोड, रविवार कारंजाकडच्या गल्ल्यांत दुसराच पर्याय असतो आणि त्याचं भाडं कोटेशनमध्ये नसतं. लिफ्टचं दार बहुधा ८०० मिमीचं असतं. २४०० चा कॉन्फरन्स टॉप त्यातून जात नाही. जिन्याच्या लँडिंगवर तो वळतो का ते टेपने मोजा, नाहीतर टॉप दोन तुकड्यांत मागवा. वाराई कोण देणार हे माल येण्याच्या आदल्या दिवशी ठरलेलं हवं. गाडी उभी करून घासाघीस केली की माल आपटला जातो.

चलनावर सही करण्याआधी बॉक्स मोजा. फुटलेला कोपरा दिसला तर चलनावरच लिहा आणि फोटो काढा. नुसतं तोंडी सांगितलेलं पुढच्या आठवड्यात कुणालाच आठवत नाही. बोर्डाचे बॉक्स आडवे, सपाट, लाकडी पट्ट्यांवर ठेवा. भिंतीला टेकवून उभे ठेवलेले टॉप वाकतात.

बसवणी

साइट तयार आहे म्हणजे नेमकं काय? सीलिंग पूर्ण, रंगाचे दोन हात झालेले, टाइलचं पॉलिश झालेलं, लाइट चालू, खोलीला कुलूप. यातलं एक नसेल तर बसवणाऱ्या टीमला बोलवू नका. ते येतात, दिवसभर बसून राहतात आणि बिल लावतात.

पहिलं काम लाइनआउट, म्हणजे जागेवरची आखणी. तयार फरशीपासून एक मीटर उंचीची रेघ लेझरने चारही भिंतींवर मारा, सगळ्या उंच्या तिथूनच मोजायच्या. मग फरशीवर मास्किंग टेपने प्रत्येक टेबल, गल्ली, दाराचा कमान-फेर आखा आणि ज्याला ऑफिसात बसायचं आहे त्याला त्या टेपमधून चालवा. बदल करायचा तर आत्ता, टेप उचलायला दोन मिनिटं लागतात.

सुरुवात दारापासून सगळ्यात लांबच्या खोलीपासून करा. वर्कस्टेशनची ओळ पक्क्या भिंतीपासून किंवा कॉलमपासून सुरू होते. पहिली फ्रेम लेव्हलमध्ये आणि गुण्यात आली की बाकीच्या तिला बांधत जायच्या. फ्रेम, रेसवे, पॅनेल, मग टॉप, मग पेडेस्टल, खुर्च्या सगळ्यात शेवटी. सगळी ओळ उभी झाल्यावरच बोल्ट पूर्ण आवळा. आधीच आवळत गेलात तर शेवटच्या सांध्यात फट राहते आणि माणूस हातोडीने ती दाबायला जातो. लोखंडी फ्रेमला अर्थिंग जोडलंय का, ते इलेक्ट्रिशियनने मीटरने बघूनच लाइन चालू करायची.

भिंतीला टांगायच्या वस्तूंचा मुद्दा वेगळा. नव्या इमारतींत भिंती एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) असतात. वीट समजून साधा गट्टू (स्क्रूसाठीचा प्लग) ठोकला तर तो हाताने उपटून येतो. वरच्या कपाटाला लांब फ्रेम फिक्सर किंवा केमिकल अँकर हवा, नाहीतर मागे लोखंडी पट्टी घालून वजन स्लॅबवर न्यायचं. जिप्सम पार्टिशनवर काही टांगायचं असेल तर पार्टिशन बंद होण्यापूर्वी आत प्लायची पट्टी घालून घ्या. उंच, अरुंद कपाट आणि लायब्ररीचा रॅक भिंतीला किंवा एकमेकांना वरून बांधलेलाच हवा.

लायब्ररी आणि लॅब

पुस्तकं जड असतात हे सगळ्यांना माहीत, किती जड ते कुणी मोजत नाही. आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात ऑफिसच्या जमिनीला (साठवण वेगळी असेल तर) चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २५० किलो भार धरला आहे. पुस्तकांच्या स्टॅक रूमला ६, म्हणजे सहाशेच्या आसपास. म्हणून ऑफिससाठी बांधलेल्या तिसऱ्या मजल्यावर लायब्ररी हलवायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र घ्या. रुळांवर सरकणारे कॉम्पॅक्टर रॅक तर आणखी भार टाकतात; ते तळमजल्यावरच बरे. रॅकमधली गल्ली ९०० मिमीहून कमी नको.

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये लॅमिनेटचा टॉप म्हणजे पैसे पाण्यात. काळा ग्रॅनाइट किंवा फिनोलिक रेझिन, उंची ९०० मिमी, उभ्याने काम. सिंकखालचं कपाट बीडब्ल्यूपी प्लायचं आणि मागचा पल्ला काढता येणारा, ड्रेन तुंबतोच.

ताबा आणि नंतर

ताबा घेताना हातात यादी घेऊन खोलीनिहाय फिरा: प्रत्येक ड्रॉवर, प्रत्येक कुलूप, प्रत्येक खुर्चीचा लिव्हर. स्नॅग लिस्टवर (सापडलेल्या दोषांच्या यादीवर) तुमची आणि पुरवठादाराची सही आणि तारीख. किल्ल्या खोकंभर मिळतात, त्या तशाच घेऊ नका. कुलपावरचा नंबर आणि टेबलाचा नंबर रजिस्टरमध्ये जोडून लिहून घ्या. दोन-तीन टक्के जादा कॅस्टर (खुर्चीची चाकं), एक-दोन गॅसलिफ्ट (खुर्ची वर-खाली करणारे दांडे), त्याच लॉटचं थोडं लॅमिनेट आणि एजबँड मागून ठेवा. तो रंग दोन वर्षांनी मिळत नाही.

राखून ठेवलेले पाच टक्के महिन्याभरात सोडू नका. एक पावसाळा जाऊ द्या. नवरात्राच्या सुमारास बसवणाऱ्याला पुन्हा बोलवा: दमटपणात फुगलेलं शटर घासत असेल तर बिजागरी फिरवून घ्या, बाकांचे बोल्ट आवळून घ्या, सुटलेली एजबँड दिसली तर टॉप बदलून मागा. चेक त्यानंतर.